उल्केचा वर्णपट फिल्मवर

जळगाव जिल्ह्यातील मानेगाव येथे १८४३ च्या जून महिन्यात आकाशातून दगड पडला. पुढे त्याचे पृथक्करण झाले आणि तो डायोजेनाइट या दुर्मीळ जातीचा, म्हणजे मुख्यतः मॅग्नेशियम व लोह असलेल्या पायरॉक्सीन खनिजाचा निघाला. दगड हाती लागला म्हणून हे कळले. पण आपल्याला एरवी दिसणाऱ्या उल्का जमिनीपासून ८०-१०० किलोमीटर उंचीवरच जळून संपतात. त्या कशाच्या होत्या, हे त्यांच्या उजेडालाच विचारावे लागते.

ज्योतीत मीठ टाकले की ती पिवळी होते. तो सोडियमचा ५८९ नॅनोमीटरचा प्रकाश. उल्केच्या तप्त वाफेत हाच पिवळा प्रकाश असतो, शिवाय मॅग्नेशियमचा ५१८ च्या आसपासचा हिरवा, कॅल्शियमचा जांभळा आणि लोहाच्या असंख्य रेषा. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लोलक किंवा विवर्तन जाळी बसवली की हे सारे वेगळे होते. १८९७ मध्ये पेरूतील आरेकिपा येथे ताऱ्यांचे वर्णपट टिपताना असा वर्णपट काचेवर योगायोगानेच उमटला होता.

प्रयोगशाळेतल्या वर्णपटमापकाला अरुंद फट लागते. इथे ती लागत नाही, कारण उल्केची रेघच फटीचे काम करते. मात्र ही रेघ जाळीवरच्या रेषांना साधारण समांतर हवी. ती काटकोनात आली, तर सगळे रंग एकमेकांवर पडून वर्णपट वाया जातो. म्हणूनच उल्कावर्षावाची रात्र निवडायची. त्या रात्री उल्का एकाच बिंदूतून येताना दिसतात, त्यामुळे जाळी कशी फिरवावी ते आधी ठरवता येते.

ऑगस्टचा ययाती वर्षाव खानदेशात बहुधा ढगांआड जातो. आपल्या सोयीचा तो १४ डिसेंबरच्या सुमाराचा मिथुन वर्षाव. पुनर्वसूच्या ताऱ्यांपासून तीसेक अंशांवर कॅमेरा रोखावा. ५० मिलिमीटरचे भिंग पूर्ण उघडे, ४०० एएसएची कृष्णधवल फिल्म, शटर 'बी' वर आणि दर दहा मिनिटांनी पुढची चौकट. ३६ चौकटींत सहा तास, म्हणजे रात्र सरते. तोरणमाळसारख्या अंधाऱ्या जागी भिंगावर दव जमते, ते मधूनमधून पाहावे. शुक्राइतकी तेजस्वी उल्का चौकटीत आली तरच वर्णपट उमटेल, तेव्हा रिकाम्या फिल्मची तयारी हवी. धुऊन देणाऱ्याला पट्टी कापू नका असे बजावावे. काळ्या चौकटींत त्याला काहीच दिसत नाही!

मिथुन वर्षावाचे कण १९८३ मध्ये सापडलेल्या फेथॉन या लघुग्रहाचे. तो सूर्यापासून सुमारे दोन कोटी किलोमीटरपर्यंत जवळ जातो. तिथल्या उष्णतेने कणांतले सोडियम उडून जाते, असे मानतात; अनेक मिथुन-उल्कांच्या वर्णपटात सोडियमची रेषा फिकी असते, काहींत नसतेच. आपल्या फिल्मवर ती आहे का?

कृष्णधवल फिल्मवर रंग नाहीत, अंतर आहे. मिलिमीटरला ३०० रेषांची जाळी असेल, तर उल्केच्या सरळ प्रतिमेपासून मॅग्नेशियमची रेषा सुमारे ७.९ मिलिमीटरवर आणि सोडियमची ९ मिलिमीटरवर पडते. पण रेषा दिसली नाही, तर फिल्मच पिवळ्या प्रकाशाला आंधळी नाही ना, ही शंका उरते. त्यासाठी पहिली चौकट शाळेतच खर्च करावी: रात्री मैदानाच्या टोकाला स्पिरिटचा दिवा, वातीवर मीठ, आणि कॅमेरा जाळीसह अनंतावर लावलेला.