झुकलेली भिंत पाडायची की सावरायची?

भरती ओसरल्यावर एखाद्या जुन्या धक्क्याच्या भिंतीकडे नीट पाहा. दगडांच्या सांध्यांतून पाणी झिरपताना दिसेल. समुद्र तर खाली गेला, मग हे पाणी आले कोठून? ते भिंतीमागच्या भरावात अडकलेले असते. भरतीला आत शिरलेले आणि पावसाचे मुरलेले पाणी मातीतून सावकाश निघते; समुद्र मात्र सहा तासांत उतरतो.

हा फरक किती जड पडतो? समजा, भिंतीपुढे पाणी ३ मीटर खोल आहे आणि मागे ४ मीटर. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो, म्हणून भिंतीच्या दर मीटर लांबीवरील एकूण रेटा (टनांत) खोलीच्या वर्गाच्या निम्मा येतो. मागून ८ टन, पुढून साडेचार. उरले साडेतीन टन. म्हणजे १० मीटर लांबीला ३५ टन! मातीचा रेटा निराळाच. लाटांच्या माराने भिंत पडते असे पुष्कळांना वाटते. पण अशा भिंती बहुधा पाण्याच्या बाजूलाच झुकतात, ते या मागच्या रेट्यामुळे.

तेव्हा पहिला उपाय अगदी साधा: ओहोटीच्या पातळीच्या थोडे वर भिंतीला भोके पाडून पाण्याला वाट द्यायची. मात्र भोकामागे गाळणी हवीच. नाहीतर पाण्याबरोबर मातीही वाहून जाते आणि वरचा रस्ता आतून पोकळ होतो. अशा पोकळ्या आधीच झाल्या असतील, तर त्यांत सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरतात. त्याला ग्राउटिंग म्हणतात.

तरीही रेटा पेलत नसेल, तर भिंतीला मागून बांधून धरावे लागते. हे घरीच करून पाहा. बुटांच्या खोक्याची एक अरुंद बाजू कापून काढा. त्या जागी १० सेंटिमीटर उंचीचा जाड पुठ्ठा सैल उभा करा आणि त्याचा खालचा काठ पुढे सरकू नये म्हणून तळाला एक पट्टी चिकटवा. पुठ्ठा हाताने धरून मागे कोरडी वाळू भरा. हात काढताच पुठ्ठा पडेल. आता पुठ्ठ्याच्या मध्यावर दोन दोरे ओवा, त्यांच्या टोकांना मोठी बटणे बांधा आणि ती वाळूत २ सेंटिमीटरवर पुरा. पुठ्ठा बहुधा पुन्हा पडेल. तीच बटणे १२ सेंटिमीटर मागे पुरा. पुठ्ठा उभा राहील.

असे का व्हावे? भिंत सरकली की तिच्यामागील वाळूची एक पाचर तिच्याबरोबर घसरते. जवळचे बटण त्या पाचरीतच असते. घसरणाऱ्याने घसरणाऱ्याला काय धरावे? ४ मीटर उंच भिंतीमागे साधारण वाळूचा भराव असेल, तर ही पाचर वरच्या बाजूला सुमारे सव्वादोन मीटर मागे पोहोचते. म्हणून अभियंते भिंतीतून तिरपे भोक पाडून पोलादी सळई पाचरीच्या पलीकडे नेतात, तिचे टोक सिमेंटने घट्ट करतात आणि बाहेरून पोलादी पट्टी व नट बसवतात.

पण पायाच खचत असेल तर? नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅम शहरात हाच प्रश्न उभा राहिला. तेथील कालव्यांची पातळी जवळजवळ स्थिर असते, त्यामुळे भरती-ओहोटीचा दोष नाही. पण जुन्या भिंती पाण्याखालच्या लाकडी खांबांवर उभ्या आहेत आणि त्या बांधल्या गेल्या हातगाड्या-घोडागाड्यांच्या काळात. खांब कमजोर झाले, वर मालमोटारी धावू लागल्या. १ सप्टेंबर २०२० रोजी ग्रिमबुर्गवाल येथील भिंत एकाएकी कालव्यात कोसळली. सुदैवाने कोणी दगावले नाही.

कुजलेल्या खांबांना ना भोके पाडून उपयोग, ना सळया बसवून. सगळ्या भिंती एकदम नव्याने बांधणेही अशक्य. शहरात तपासणी व दुरुस्ती करण्याजोग्या भिंतींची लांबी सुमारे २०० किलोमीटर भरते. म्हणून अनेक धोकादायक ठिकाणी भिंतीपुढे कालव्यात पोलादी पत्रे ठोकले आणि मधल्या जागेत वाळू भरली. ही वाळू भिंतीला पुढून टेकू देते. कालवा तेवढ्यापुरता अरुंद होतो, दिसायलाही ते चांगले नाही. पण भिंत उभी राहते आणि तिची पाळी येईपर्यंत काठावरच्या घरांतील माणसे घरातच राहू शकतात.