देवदूतांच्या अंगातले छर्रे

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, सफक परगण्यात, ब्लायथबरा नावाचं गाव आहे. तिथल्या होली ट्रिनिटी चर्चच्या छताला लाकडी देवदूत आहेत: पंख पसरलेले, पाठीला पाठ लावून जोडीजोडीनं बसवलेले. 1970च्या दशकात छताची दुरुस्ती निघाली तेव्हा त्यांच्या लाकडात शिशाचे छर्रे रुतलेले सापडले. गावाला त्याचं नवल वाटलं नाही. सतराव्या शतकातल्या यादवीत प्युरिटन सेनानी क्रॉमवेलच्या शिपायांनी देवदूतांवर बंदुका झाडल्या, ही गोष्ट तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. खांबांतल्या लोखंडी कड्या दाखवून ‘इथे त्यांनी घोडे बांधले’ असंही सांगतात. छर्रे मात्र तपासणीत अठराव्या शतकातले निघाले, आणि खुलासा चर्चच्याच जमाखर्चात होता. छतात घरटी करणाऱ्या जॅकडॉ या कावळ्याच्या जातीच्या पक्ष्यांना मारण्यासाठी दारूगोळ्याला पैसे दिल्याची नोंद तिथे आहे. नेम पक्ष्यावर, छर्रा देवदूताला.

मला ही खरी हकीकत शिपायांच्या गोष्टीपेक्षा जास्त बोलकी वाटते. एवढं देखणं छत, आणि त्याखाली उभं राहून कुणी बंदूक चालवतोय, कारण पक्ष्यांचा उपद्रव थांबवायला दुसरा उपाय परवडत नाही. या चर्चचा निम्मा इतिहास असाच आहे. ते बांधलं पैशानं आणि टिकलं बरंचसं पैसा नसल्यामुळे.

ब्लायथ नदीच्या खाडीला लागून दलदल आहे, वेताची बेटं आहेत, भरतीचं पाणी आत येतं. त्या सपाटीवर हे चर्च कित्येक मैलांवरून दिसतं, म्हणून त्याला ‘दलदलीतलं कॅथेड्रल’ म्हणतात. खरं तर कॅथेड्रल म्हणजे बिशपचं आसन असलेलं चर्च, आणि बिशपचा या गावाशी तसा काही संबंध नाही. हे साधं गावचर्च. लांबी 127 फूट, रुंदी 54 फूट. गावाची आजची वस्ती तीनेकशे. गावातली सगळी माणसं आत बसली तरी बरीच बाकं रिकामी राहतील.

पंधराव्या शतकात चित्र वेगळं होतं. खाडीतून जहाजं गावापर्यंत येत, बाजार भरे, आणि लोकरीच्या कापडानं अख्ख्या सफकच्या हातात पैसा खेळत होता. ठिकाणाला जुनी पुण्याईही होती. ईस्ट अँग्लियाचा, म्हणजे सफक ज्यात येतं त्या प्रदेशाचा, राजा ॲना (हा पुरुष, नावावर जाऊ नका) सातव्या शतकाच्या मध्यावर मर्शियाचा राजा पेंडा याच्याशी लढताना पडला, आणि त्याचं दफन इथे झाल्याचं जुने ग्रंथ सांगतात. व्हेलच्या हाडाची, मेण भरून लिहिण्याची, आठव्या शतकाच्या सुमाराची एक पाटी इथे सापडली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. म्हणजे इंग्लंडात लिहितावाचता येणारी माणसं मोजकी होती त्या काळात इथे ती होती. पुढे बाराव्या शतकात ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंचा छोटा मठ उभा राहिला, आणि 1412 मध्ये चौथ्या हेन्री राजाकडून नवं चर्च बांधायची परवानगी मिळाली. आधीच्या चर्चचा चौदाव्या शतकातला मनोरा तसाच ठेवला, बाकी सगळं नवं. काम अनेक दशकं चाललं.

पैसा कुठून आला? बराचसा मेलेल्यांकडून. त्या काळच्या कॅथलिक श्रद्धेनुसार सामान्य माणसाचा आत्मा मरणानंतर थेट स्वर्गात जात नसे. आधी परगेटरीत, म्हणजे शुद्धीच्या यातनांत, त्याला काळ काढावा लागे. मागे राहिलेल्यांनी प्रार्थना केली तर तो काळ कमी होई. म्हणून मृत्युपत्रात लोक चर्चसाठी रक्कम ठेवत: कुणी खिडकीसाठी, कुणी छपरासाठी, कुणी वेदीच्या भागासाठी. त्या बदल्यात भिंतीवर, काचेवर, बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या पायरीवर दात्याचं नाव कोरलं जाई आणि नावाआधी लॅटिनमध्ये ‘यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा’ अशी विनंती. गावचे जमीनदार हॉप्टन यांचं तर स्वतःचं चॅपेल आणि थडगं आत आहे. ही देणगी नुसत्या मिरवण्यासाठी होती असं म्हणणं सोपं आहे, पण अन्यायाचं ठरेल. देणाऱ्याच्या दृष्टीनं हा रोखठोक व्यवहार होता: माझ्या हयातीनंतर माझी आठवण काढणारी वास्तू मी आत्ताच उभी करून ठेवतो.

बांधकामाची मोठी अडचण दगडाची. ईस्ट अँग्लियात बांधकामाचा चांगला दगड जवळजवळ नाहीच. आहे ती गारगोटी, म्हणजे फ्लिंट, शेतात नांगराला लागणारी. ती कठीण, वेडीवाकडी, कोपरा धरत नाही. चुन्यात बसवून तिच्या जाड भिंती उठवता येतात; पण खांब, कमानी, खिडक्यांच्या चौकटी यांना घडवता येणारा दगड लागतोच, तो लांबून, शक्यतो पाण्यावाटे आणावा लागे. मग तिथल्या गवंड्यांनी या उणिवेतूनच एक कला काढली. गारगोटी फोडली की आतून काळसर, चकचकीत, काचेसारखी दिसते. तिचे सपाट तुकडे करून पांढऱ्या दगडाच्या नक्षीच्या मोकळ्या जागांत ते बिनचूक बसवायचे, की काळ्यावर पांढरी नक्षी उमटते. चर्चच्या पूर्वेकडच्या मोठ्या खिडकीखाली अशा कामात मुकुट ल्यालेल्या अक्षरांची ओळ आहे. ती शब्दांची आद्याक्षरं असावीत, आणि त्यांतून येशू, ट्रिनिटी, मेरी, ॲन आणि कॅथरीन यांच्या सन्मानार्थ हे उभारलं, असा अर्थ अभ्यासक जुळवतात.

शैली पर्पेंडिक्युलर, इंग्लिश गॉथिकचं शेवटचं रूप. तिचा सगळा रोख उभ्या रेषांवर आणि उजेडावर. भिंत जितकी कमी करता येईल तितकी करायची आणि तिथे काच घालायची. इथे बाजूच्या कमानींच्या वर दोन्ही अंगांना अठरा-अठरा खिडक्यांची रांग आहे. इतका उजेड आत घेणं शक्य झालं ते हलक्या छतामुळे. दगडी कमानदार छत असतं तर त्याचा भार पेलायला जाड भिंती आणि बाहेरून भक्कम टेकू लागले असते. इथे ओकच्या तुळया आहेत, त्यांवर जवळजवळ सपाट छप्पर आणि वरून शिशाचे पत्रे.

आपल्याकडच्या देवळात सभामंडप आणि गाभारा यांच्यामध्ये उंबरठा असतो, तशी बहुतेक इंग्लिश चर्चमध्ये लोकांचं दालन आणि वेदीचा भाग यांच्यामध्ये मोठी कमान असते. ब्लायथबराला ती नाही. छत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसलग धावतं, आणि प्रत्येक तुळईच्या मधोमध देवदूत. इंग्लंडमध्ये अशी देवदूतांची छतं बहुतांशी ईस्ट अँग्लियातच आहेत. या कल्पनेचा उगम लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलच्या छतात मानतात, जे सुतार ह्यू हर्लंड यानं 1390च्या दशकात केलं. त्या राजेशाही छतापुढे ब्लायथबराचं काम गावठी आहे, पण त्याच्याजवळ एक गोष्ट आहे जी फार थोड्या ठिकाणी उरली: मूळ रंग. पांढऱ्या तुळयांवर लाल-हिरवी फुलं आणि येशूच्या नावाची अक्षरं अजून दिसतात, उडालेली, फिकटलेली. नंतर कुणी ती नव्यानं रंगवली नाहीत.

खाली बाकांच्या टोकांवर वेगळीच दुनिया आहे. महापापं कोरली आहेत, तीही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रूपात. आळशी माणूस अंथरुणात, लोभी पैशाच्या पेटीवर ठाण मांडून, खादाड आपली ढेरी सांभाळत, दारुडा खोड्यात पाय अडकलेला. प्रवचनाच्या वेळी हात टेकायला नेमकं कुठलं पाप वाट्याला येई, यावरून गावात चेष्टा झाली नसेल असं मला वाटत नाही.

1537 मध्ये आठव्या हेन्रीनं मठ बंद केला आणि मालमत्ता हॉप्टन घराण्याकडे गेली. परगेटरीची कल्पनाच नव्या प्रॉटेस्टंट धर्मानं मोडीत काढल्यावर मृत्युपत्रांतून येणारा ओघही आटला. इंग्लिश रिवाजाप्रमाणे लोकांचं दालन दुरुस्त ठेवणं गावकऱ्यांच्या माथी, आणि वेदीचा भाग ज्याच्याकडे चर्चचं उत्पन्न जाई त्याच्या. ते उत्पन्न मठाकडून खासगी मालकाकडे गेलं, की मालकाचं लक्ष वसुलीवर राही आणि पावसाचं पाणी वेदीवर. वर खाडी गाळानं भरत चालली होती, जहाजं मोठी होत होती. बंदर संपलं.

तशातच 4 ऑगस्ट 1577चा रविवार. सकाळची उपासना चालू असताना वादळ आलं आणि वीज चर्चवर पडली. वीसएक माणसं खाली कोसळली. चाळिशी ओलांडलेला एक पुरुष आणि पंधरा वर्षांचा एक मुलगा जागीच गेले. मनोऱ्याचं निमुळतं टोक छत फोडून आत पडलं, असं सांगतात. त्याच सकाळी काही मैलांवरच्या बंगे गावच्या चर्चमध्येही माणसं मेली. लंडनमधल्या अब्राहम फ्लेमिंग नावाच्या लेखकानं लगेच त्यावर पुस्तिका काढली, आणि तिच्यात विजेच्या जोडीला सैतानाच्या रूपातला एक काळा कुत्रा आला. त्याच काळातल्या होलिनशेडच्या इतिहासग्रंथातल्या वर्णनात फक्त वादळ आणि वीज आहे, कुत्रा नाही. पण लोकांना कुत्रा आवडला. ईस्ट अँग्लियाच्या दंतकथांत ब्लॅक शक नावाचं काळं कुत्रं भटकतं, त्याला यातून पत्ता मिळाला. चर्चच्या उत्तरेकडच्या दारावरचे जळके ओरखडे त्याच्या नखांचे म्हणून दाखवतात. तसे डाग इंग्लंडमधल्या कितीतरी जुन्या दारा-तुळयांवर आहेत. ज्योत मुद्दाम लाकडाला लावून ते उमटवत, बहुधा आग आणि अरिष्ट दूर राहावं म्हणून. जवळच्याच लोवेस्टॉफ्टच्या ‘द डार्कनेस’ या रॉक बँडनं 2003च्या आपल्या पहिल्या अल्बमची सुरुवात याच कुत्र्यावरच्या गाण्यानं केली. फ्लेमिंगची पुस्तिका इतकी चालेल असं त्यालाही वाटलं नसेल.

1644च्या एप्रिलमध्ये विल्यम डाउझिंग आला. हा सफकमधल्याच लॅक्सफील्डचा शेतकरी, कट्टर प्युरिटन, आणि ‘अंधश्रद्धेच्या’ प्रतिमा नष्ट करण्याचं अधिकृत फर्मान खिशात. केंब्रिजशर आणि सफकमधल्या अडीचशेवर चर्चची त्यानं तपासणी केली आणि रोजनिशी ठेवली, म्हणून आपल्याला कळतं. एका चर्चची ठरलेली फी सहा शिलिंग आठ पेन्स, तीही बहुधा त्या चर्चकडूनच वसूल. ब्लायथबराच्या नोंदीत वीस चित्रं, तीन प्रार्थनेचे लेख, उतरवायचे वीस देवदूत, आणि आणखी दोनशेवर चित्रं आठ दिवसांत काढण्याचा हुकूम. काचा फुटल्या, आज रंगीत काचेचे तुकडेच काय ते उरलेत. बाप्तिस्म्याच्या कुंडावर सात संस्कारांचे देखावे कोरलेले होते, ते तासून सपाट केलेले आहेत. देवदूत मात्र वरच राहिले. हुकूम देणारा पुढच्या गावी गेला, आणि इतक्या उंचीवर शिड्या-परांच्या बांधून तुळया सोलायचा खर्च करणार कोण? इथेही पैसा नसणं कामी आलं असावं.

पुढच्या दोन शतकांतल्या खुणा किरकोळ, पण गोड आहेत. हॉप्टन चॅपेलमध्ये एके काळी शाळा भरे. डर्क लोवरसन नावाच्या पोरानं लाकडात आपलं नाव आणि 1665 हे साल कोरून ठेवलंय. 1682चा एक लाकडी पुतळा घंटेवर टोला हाणतो आणि मान डोलावतो. त्याखेरीज सगळी पडझड. एकोणिसाव्या शतकात छपराची अशी चाळण झाली की लोक छत्र्या उघडून प्रवचन ऐकत, आणि 1881 मध्ये धोका म्हणून चर्च बंद झालं.

याच वेळी खरा वाद पेटला. व्हिक्टोरियन वास्तुविशारद जुन्या चर्चचं ‘पुनरुज्जीवन’ जोरात करत होते: गिलावा खरवडायचा, जुनी बाकं फेकायची, आपल्या मते जे शुद्ध मध्ययुगीन ते नव्यानं घडवायचं. त्यांत अग्रणी सर गिल्बर्ट स्कॉट. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि दीक्षान्त सभागृह ज्यांच्या आराखड्यावर उभी राहिली तेच हे. मुंबईत ते कधी आलेही नाहीत. ट्यूक्सबरीच्या मठचर्चवर त्यांचं काम सुरू होणार म्हटल्यावर कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस भडकला आणि 1877 मध्ये त्यानं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्थाच काढली. गळकं छप्पर शिवा, पडती भिंत सावरा, पण जुनं खरवडू नका, ही तिची भूमिका. ब्लायथबराच्या कामात ही संस्था उतरली आणि वर्षानुवर्षं पत्रव्यवहार, आक्षेप, उलट उत्तरं चालली. गावाच्या पाद्र्याला ती ब्याद वाटली असणार. वर पाऊस गळतोय आणि लंडनचे कलावंत तत्त्वं शिकवतायत! पण निधी अपुरा आणि विरोध चिवट, त्यामुळे काम सबुरीनं, थोडंथोडं झालं. शेजारच्या कितीतरी चर्चचे श्रीमंत आश्रयदाते होते. तिथे आज गुळगुळीत व्हिक्टोरियन फरश्या, चकाकती बाकं आणि गडद काचा आहेत. ब्लायथबराला विटांची झिजलेली जमीन, साध्या काचा, पांढऱ्या भिंती आणि नव्यानं न रंगवलेले देवदूत मिळाले.

त्या उजेडाचा आणि आत घुमणाऱ्या आवाजाचा उपयोग पुढे संगीतकार बेंजामिन ब्रिटननं केला. त्याच्या ऑल्डबरा संगीतमहोत्सवाचे कार्यक्रम 1950च्या दशकापासून इथे होऊ लागले. जून 1969 मध्ये महोत्सवाच्या पहिल्याच रात्री महोत्सवाचं स्नेप इथलं संगीतगृह जळून खाक झालं, तेव्हा मोझार्टचा ‘इदोमेनेओ’ हा ऑपेरा काही दिवसांत उचलून ब्लायथबराच्या चर्चमध्ये आणला आणि ठरल्याप्रमाणे सादर केला.