एरंडवण्याचें गाऱ्हाणें

पुण्यास मुठेच्या पश्चिम तीरावरील एरंडवणें हें एके काळीं शेतामळ्यांचें गांव होतें, हें आज तेथल्या मुलांस सांगून पटत नाहीं. 1917 सालचें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, 1924 सालचें लॉ कॉलेज, 1933 सालीं कोल्हापुराहून पुण्यास आलेली प्रभात कंपनी, ह्या सर्वांस येथें मोकळी जागा मिळाली. 1961 च्या पानशेतच्या पुरानंतर पेठांतील अनेक कुटुंबें नदीपलीकडे राहावयास गेलीं. आतां बंगल्यांच्या जागीं बहुमजली इमारती उभ्या राहात आहेत. एका कुटुंबाच्या जागीं वीस आलीं कीं त्यांच्या मोटारीही येणारच. रस्ता मात्र होता तेवढाच.

नळ स्टॉपकडून सेनापति बापट रस्त्याकडे जाणारा लॉ कॉलेज रस्ता सकाळसंध्याकाळ तुंबतो. शाळेस निघालेलें मूल किंवा औषध आणावयास निघालेले वृद्ध गृहस्थ तो ओलांडण्यासाठीं किती वेळ तिष्ठतात, हें कोणीही पाहून यावें. तेथील रहिवासी चिडले आहेत, आणि त्यांचें चिडणें आम्हांस सर्वस्वीं न्याय्य वाटतें.

परंतु मागावयाचें काय, ह्यावर मतभेद आहे. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेंकडीवरून सुमारें दोन किलोमीटरचा नवा रस्ता काढावा, म्हणजे हा रस्ता मोकळा होईल, असें कांहीं जणांचें म्हणणें. त्याच्या उलट एप्रिल 2023 मध्यें वेताळ टेंकडी वांचविण्यासाठीं हजारों नागरिक रस्त्यावर उतरले. वाद न्यायालयापर्यंतही गेला. पहिला पक्ष दुष्ट नव्हे. धुरांत उभें राहून कंटाळलेल्या माणसास टेंकडीवरच्या मोरांची महती सांगणें सोपें आहे.

तथापि आमचें मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतें, आणि तें केवळ मोरांसाठीं नव्हे. रस्ता वाढविला कीं गर्दीच्या वेळची वाहनें वाढून तो पुन्हां भरतो, हें अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स ह्यांनीं 1962 सालींच मांडलें आहे. पुणेंकरांस परदेशीं जावयासही नको. विद्यापीठ चौकांतील उड्डाणपूल दोन दशकेंही न होतां 2020 सालीं पाडले गेले; त्यांच्या जागीं मेट्रोसह दुमजली पूल बांधावयास घेतला, त्याचा एक भाग ऑगस्ट 2025 मध्यें खुला झाला. नळ स्टॉपचा दुमजली पूल 2022 सालीं झाला. कोंडी त्याच्या तोंडाशीं जाऊन बसल्याची तक्रार लौकरच सुरू झाली. टेंकडी मात्र एकदां फोडली म्हणजे परत बांधतां येत नाहीं.

मग उपाय? येथें गाऱ्हाणें मांडणारांच्याच दाराशीं यावें लागतें. 2016 सालीं महानगरपालिकेनें पादचाऱ्यांसाठीं धोरण स्वीकारलें. तरी पदपथावर स्कूटर चढवून ठेवणारे पुष्कळदां आपणच असतों. 2018 सालीं रस्त्यावर वाहन उभें करण्याबद्दल भाडें घेण्याचें धोरण मंजूर झालें, आणि ओरड अशी झाली कीं तें वर्षानुवर्षें कागदावरच राहिलें. त्या ओरडीत सुशिक्षितांचाही आवाज होता. सरकारी रस्ता आपल्या मोटारीस फुकट तबेला म्हणून मिळावा, आणि तोच रस्ता मोकळाही असावा, ह्या दोन मागण्या एकाच अर्जांत कशा मावतील? ज्या घरांत दोन मोटारी आहेत, त्यांतील एक जरी बसच्या पासाला बदलली तरी अर्जाला वजन येईल. मात्र बस वेळेवर यावी, हें मागण्याचा मग पुरा हक्क राहतो. आणि तें खणखणीत आवाजांत मागावें.

एक काम तर आम्हां पेन्शनरांस सहज जमण्याजोगें आहे. वाहतुकीची पाहणी होते तेव्हां वाहनें मोजलीं जातात, पण ओलांडण्यासाठीं खोळंबलेलीं माणसें क्वचितच मोजलीं जातात. आठवडाभर सकाळीं आठ ते नऊ पाळीपाळीनें वही घेऊन नळ स्टॉपच्या कोपऱ्यावर बसावें. किती जण थांबले, किती वेळ थांबले आणि त्यांत मुलें व वृद्ध किती, हें टिपावें, आणि ती वही अर्जास जोडावी.