एकच फाईल, दोन घरं

खडेबाजारात दर मराठीत विचारला आणि उत्तर कन्नडात आलं, तरी व्यवहार अडत नाही. यंत्रांचं मात्र तसं नसतं, हे मी २००४ साली निकालाच्या दिवशी शिकलो.

कॉलेजचा निकाल दाखवणारी पर्ल भाषेतली स्क्रिप्ट मी घरच्या विंडोजवर लिहिली होती. तिथे झकास चालली. लिनक्स सर्व्हरवर चढवली आणि ‘एरर ५००’! पालकांचे फोन सुरू झाले.

चूक डोळ्यांना दिसणारी नव्हती. विंडोज ओळीच्या शेवटी दोन खुणा ठेवते, लिनक्स एकच. टेलिप्रिंटरच्या काळापासूनची ही जोडी : एक खूण म्हणजे ओळीच्या सुरुवातीला या, दुसरी म्हणजे कागद सरकवा. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत पर्लचा पत्ता असतो. जादा खूण त्या पत्त्याला चिकटली आणि सर्व्हरला तिथे कुणी सापडेना. एफटीपीने ‘आस्की’ पद्धतीत फाईल पाठवली असती, तर ती खूण वाटेतच गळली असती.

‘बा’ म्हटलं की कन्नड घरात ‘ये’, मराठी घरात वडील. आपली मुलं हे सहज ओळखतात. संगणकाला ते आपणच आधी सांगावं लागतं.