आधी पाया फोडा

घातांकांच्या प्रश्नांत ८, १२, १८, २५ असे पाये मुद्दाम निवडलेले असतात. गुणाकार-भागाकारात घातांकांची बेरीज-वजाबाकी पाया समान असेल तरच करता येते, आणि हे पाये वरवर पाहता एकमेकांशी जुळत नाहीत. मूळ अवयव पाडले की नाते उघड होते. ८ म्हणजे २ चा घन, २५ म्हणजे ५ चा वर्ग. १२ मध्ये दोन २ आणि एक ३, तर १८ मध्ये एक २ आणि दोन ३.

जीमॅट परीक्षेच्या गणित विभागात कॅल्क्युलेटर वापरता येत नाही. त्या धाटणीचा एक प्रश्न: ८ चा ७ वा घात आणि २५ चा ११ वा घात यांच्या गुणाकारात अंक किती? अवयव पाडल्यावर हाती येतात २१ वेळा २ आणि २२ वेळा ५. एक २ आणि एक ५ मिळून १० होतात. अशा २१ जोड्या लागतात, एक ५ उरतो. उत्तर म्हणजे ५ आणि पुढे २१ शून्ये, एकूण २२ अंक. प्रत्यक्ष गुणाकार करावाच लागत नाही.

दुसरा प्रश्न याहून सुंदर आहे. १२ चा ‘म’ वा घात गुणिले १८ चा ‘न’ वा घात बरोबर २ चा १० वा घात गुणिले ३ चा ११ वा घात; म आणि न पूर्ण संख्या आहेत. डावीकडचे २ मोजले तर २म + न = १०, आणि ३ मोजले तर म + २न = ११. म्हणून म = ३, न = ४. समीकरण एकच होते, त्यातून दोन निघाली. हे चालते, कारण १ पेक्षा मोठ्या प्रत्येक पूर्ण संख्येचे मूळ अवयव, क्रम सोडला तर, एकाच प्रकारे पडतात. कार्ल फ्रीडरिश गाउसने १८०१ मध्ये याची काटेकोर सिद्धता प्रसिद्ध केली. ‘पूर्ण संख्या’ ही अट नजरेआड करू नये. ती काढली तर याच समीकरणाला अगणित उत्तरे मिळतात.

अधिक-उणे चिन्ह दिसले की मात्र थांबावे. ५ च्या १२ व्या घातातून १० वा घात वजा केल्यास ५ चा वर्ग उरत नाही. १० वा घात सामाईक काढला की कंसात २५ − १, म्हणजे २४ राहतात. या वजाबाकीचे मूळ अवयव २, ३ आणि ५.