विद्यार्थ्यासोबत चालण्याचा गुन्हा

डिसेंबर १८९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या कुलगुरूंनी डेझी हॉपकिन्स या सतरा वर्षांच्या मुलीला चौदा दिवसांची कैद सुनावली. आरोप होता विद्यापीठाच्या सदस्यासोबत चालण्याचा. कुलगुरू आणि तुरुंग ही जोडी आपल्याला चमत्कारिक वाटते, पण त्या गावाला ती तीनशेहून अधिक वर्षे सवयीची होती.

या अधिकाराचे मूळ पहिल्या एलिझाबेथ राणीच्या १५६१ च्या सनदेत होते. 'संशयित' बायकांना हुडकून शिक्षा देण्याची मुभा विद्यापीठाला त्या सनदेने दिली आणि १५७१ च्या कायद्याने तिच्यावर संसदेचे शिक्कामोर्तब झाले. विद्यापीठात शिस्त राखणारे अधिकारी, म्हणजे प्रॉक्टर, आपल्या मदतनिसांना घेऊन रात्री रस्त्यांवर फिरत. या मदतनिसांना गावात 'बुलडॉग' म्हणत. पकडलेली बाई स्पिनिंग हाउस या तुरुंगात जाई. टॉमस हॉब्सनच्या देणगीतून उभी राहिलेली ही इमारत मुळात गरिबांना कामाला लावण्यासाठी होती. सुनावणी बंद दाराआड होई. १८४६ मध्ये एलिझाबेथ हाउ या तरुणीला तिथे थंडीत ओलसर अंथरुणावर रात्र काढावी लागली. ती आजारी पडली आणि दगावली. गावात संताप उसळला, तरी अधिकार जागच्या जागी राहिला.

देशाचा सर्वसाधारण कायदा काही सौम्य नव्हता. १८४७ च्या नगर पोलीस कायद्यात रस्त्यावर रेंगाळून गिऱ्हाइकाला गळ घालणाऱ्या वेश्येला चाळीस शिलिंगांपर्यंत दंड किंवा चौदा दिवसांपर्यंत कैद होती. मात्र तिथे काही कृती घडावी लागे आणि तिचा लोकांना उपद्रव झाल्याचे दाखवावे लागे. केंब्रिजमध्ये नुसता संशय पुरे होई. डेझीची शिक्षा तेवढ्याच दिवसांची, पण पुराव्याचे ओझे एकीकडे फिर्यादीवर आणि दुसरीकडे कोणावरच नाही.

मग दिवाणी दावा लावून भरपाई का मागू नये? एमा केंप या शिवणकाम करणाऱ्या तरुणीने तेच केले. १८६० मध्ये विद्यार्थ्यांसोबत गावाबाहेर मेजवानीला निघालेल्या गाडीतून तिला उतरवून कोंडले होते. तिने थेट कुलगुरू लॅटिमर नेव्हिल यांनाच कोर्टात खेचले. पण कुलगुरू न्यायाधीश म्हणून वागले होते आणि न्यायाधीशावर त्याच्या निकालासाठी दावा चालत नाही, असे १८६१ मध्ये ठरले. तिची कैद योग्य होती की नाही, हा प्रश्नच मागे पडला. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत खटकतो तो हा निकाल. तो चुकीचा होता असे नाही. न्यायाधीशाला असे संरक्षण हवेच. पण ते इथे पकडणाऱ्यांच्याच प्रमुखाला मिळाले.

डेझीच्या वेळी कैदेला आव्हान देणारा बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज लंडनच्या क्वीन्स बेंचपुढे गेला आणि सरन्यायाधीश कोलरिज यांच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली. कारण अगदी तांत्रिक होते: नोंदवलेला आरोप कायद्याला ठाऊक असलेला गुन्हाच नव्हता. त्या शब्दांत विद्यार्थ्याची सख्खी बहीणही सापडली असती. सनदेतला 'संशयित' हा शब्द आरोपात नीट उतरवला असता, तर मुलगी बहुधा आतच राहिली असती. पुढे तिने प्रॉक्टरवर खोट्या अटकेचा दावा केला आणि १८९२ मध्ये ती तो हरली. फौजदारीत सुटका, दिवाणीत हात रिकामे.

बोभाटा मात्र थांबला नाही. १८९४ च्या कायद्याने विद्यापीठाचा हा अधिकार संपवला. गणितज्ञ रँग्लर परांजपे १८९६ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात पोहोचले, तेव्हा कुलगुरूंचा हा अधिकार संपून दोनच वर्षे झाली होती. १९०१ मध्ये स्पिनिंग हाउस पाडले आणि त्या जागी पोलीस ठाणे आले.

डेझीला सोडवणारे तत्त्व आपल्याकडे संविधानातच आहे: कलम २० नुसार, कृत्य घडले तेव्हा अमलात असलेला कायदा मोडल्याखेरीज कोणाला दोषी ठरवता येत नाही. एमा केंपला जिथे अडवले ते दारही आपल्याकडे आहे. न्यायिक अधिकाऱ्यांना दिवाणी दाव्यांपासून वाचवणारा १८५० चा कायदा तिच्या खटल्याहून जुना आहे. सद्भावनेने, अधिकार आहे असे समजून केलेल्या न्यायिक कृतीबद्दल अधिकाऱ्यावर भरपाईचा दावा चालत नाही, ही त्यातली तरतूद अजून लागू आहे.