टाचणीखालची चिठ्ठी

भुंगेरा जतन करताना टाचणी छातीच्या मधोमध खुपसत नाहीत. ती उजव्या कडक पंखातून, पुढच्या टोकाजवळून घालतात. ओळख पटवणाऱ्या कितीतरी खुणा मध्यरेषेवर असतात, आणि उजवीकडे भोक पडलं तरी डावी बाजू शाबूत राहते. चिमुकला किडा मात्र छेदत नाहीत, कार्डाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकाला चिकटवतात. तरी खरी किंमत टाचणीवरच्या चिठ्ठीला. ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव नसेल, तर देखणा नमुनाही अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी.

हातात कॅमेरा असताना जीव का घ्यायचा, हा आक्षेप रास्त आहे. फोटोवरून जात ओळखता येत असेल तिथे किडा मारूच नये. पण अनेक जाती फक्त नराच्या जननेंद्रियाच्या आकारावरून वेगळ्या ठरतात. ते फोटोत दिसत नाही. मात्र घेतलेला जीव सांभाळण्याची जबाबदारीही येते. दमट हवेत नमुन्यांना बुरशी लागते, आणि सुकलेले संग्रह फस्त करणाऱ्या अळ्या भुंगेऱ्यांच्याच एका कुळातल्या असतात. घट्ट झाकणाची पेटी आणि नियमित तपासणी जमणार नसेल, तर संग्रह करू नये. शिकणाऱ्यांनी दिव्याखाली मरून पडलेल्या भुंगेऱ्यांपासून सुरुवात करावी, आणि अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलू नये.